आपल्या गावचं पान शोधात वर कसं येतं?

गूगलच्या चौकटीत नुसतं 'लोणी' टाकलं की विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय, हे यंत्राला आधी ठरवावं लागतं. ताकावर येणारं लोणी, की गाव? गाव असेल तर कोणतं? पुणे-सोलापूर रस्त्यावरचं लोणी काळभोर? प्रवरेच्या साखर कारखान्यामुळे आणि वैद्यकीय महाविद्यालयामुळे दूरवर माहीत झालेलं, राहाता तालुक्यातलं लोणी? उत्तर प्रदेशात गाझियाबादला लागून असलेलं लोणी शहर? की आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, बेल्हे-जेजुरी रस्त्यावर धामणीच्या शेजारी असलेलं आपलं लोणी? या सगळ्यांत आपल्या लोणीबद्दल नीट लिहिलेली पानं सर्वांत कमी, म्हणून ते मागं पडतं. त्यात कुणाचा आकस नाही. यंत्राला जे वाचायला मिळतं त्यावरच ते निवाडा करतं.

जुन्नर-आंबेगावात अशी नावं पुष्कळ आहेत. ओझर म्हटलं की आपल्यासमोर विघ्नेश्वर उभा राहतो, नाशिककरासमोर विमानांचा कारखाना. घोडेगाव हे आंबेगावचं तालुक्याचं ठिकाण, पण नेवासा तालुक्यातही घोडेगाव आहे आणि तिथला जनावरांचा बाजार मोठा. खुद्द 'आंबेगाव' शोधणाऱ्याला पुण्यात कात्रजजवळच्या आंबेगावातले फ्लॅट दिसू लागतात. ज्या मूळ गावावरून तालुक्याला नाव पडलं ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, ही गोष्ट मराठीत शोधणाऱ्याला सहजी सापडायला हवी. ती सापडते का, हे एकदा स्वतः शोधून पाहा.

या नामसाधर्म्यावरचा उपाय आपल्या महसुली दप्तरानं फार पूर्वी काढला आहे. अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द. पारगाव तर्फे आळे आणि पारगाव तर्फे खेड. सातबाऱ्यावर कुणी नुसतं 'पारगाव' लिहून भागवत नाही. वेबपानावर मात्र 'आमच्या गावात आपले सहर्ष स्वागत' असं मोठ्या अक्षरात असतं आणि गाव कोणतं, तालुका कोणता, हे शोधूनही दिसत नाही. म्हणून पहिली सूचना हीच. पानाच्या शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि पत्त्यात 'लोणी, ता. आंबेगाव, जि. पुणे' असं पूर्ण लिहा. पिनकोड द्या. मंचर किती किलोमीटर, धामणी कुठल्या अंगाला, पुण्याहून शिक्रापूर-पाबळकडून यायचं की मंचरकडून, हे वाक्यांत सांगा. शेजारच्या गावांची नावं मजकुरात आली की हे कोणतं लोणी, याबद्दल यंत्राला शंका उरत नाही.

हा लेख कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांसाठी आहे, रोपवाटिकावाल्यांसाठी, शाळेच्या आणि देवस्थानाच्या पानांचं काम बघणाऱ्यांसाठी, ग्रामपंचायतीसाठीही. २०१८ मध्ये राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं. त्यानंतर या भागात मुक्कामाच्या सोयी वाढल्या आणि प्रत्येकाला 'गूगलवर वर यायचं' आहे. वर येणं कशावर ठरतं हे समजून घेतलं, तर त्यासाठीची धडपड योग्य जागी होईल.

आधी वाचलं तर जायला हवं

आपण प्रश्न विचारतो त्या क्षणी शोधयंत्र जगभर धावत नाही. त्याचे स्वयंचलित वाचक आधीपासूनच पानं वाचत, एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात असतात. वाचलेल्या मजकुराची सूची होते: कोणता शब्द कोणत्या पानावर, कुठं, कोणत्या शब्दांच्या सोबतीनं आला. गूगलच्या म्हणण्यानुसार या सूचीत शेकडो अब्ज पानं आहेत. आपला शोध या सूचीत होतो. तुमचं पान तिच्यात नसेल तर क्रमांकाचा प्रश्नच येत नाही.

म्हणून वर येण्याची काळजी करण्याआधी पान सूचीत आहे का ते तपासा. गूगलची 'सर्च कन्सोल' नावाची मोफत सेवा आहे. आपलं संकेतस्थळ तिथं आपल्या नावावर सिद्ध करून घेतलं की कोणतं पान सूचीत आहे, कोणतं नाही आणि का नाही, हे ती सांगते. कित्येकदा कारण साधं निघतं. संकेतस्थळ बनवणाऱ्यानं काम चालू असताना 'हे पान सूचीत घेऊ नये' अशी खूण लावलेली असते आणि काम संपल्यावर काढायची राहून गेलेली असते. कधी पान एकटंच पडलेलं असतं, मुखपृष्ठावरून त्याच्याकडे जाणारा एकही दुवा नसतो, मग वाचक तिथवर पोहोचणार कसा? व्हॉट्सअॅपच्या गटातलं तर त्याला काहीच दिसत नाही. फेसबुकवरचा बराचसा मजकूर लॉगिनच्या आड असतो. यात्रेचा कार्यक्रम, रोपांचे दर, शाळेची प्रवेशसूचना फक्त तिथंच टाकली असेल, तर शोधणाऱ्या परक्या माणसासाठी ती माहिती नसल्यासारखीच आहे.

मराठी पानांची खरी अडचण याच्या पुढची आहे. तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतली मार्गदर्शक पुस्तकं तिचा उल्लेखही करत नाहीत. आपल्याकडचा पुष्कळ मजकूर आजही डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये बसवला जातो. कागदावर तो सुंदर मराठी दिसतो. पण या फाँटमध्ये मराठी अक्षरांच्या जागी आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, वरचं रूप तेवढं देवनागरीचं. स्मरणिका, अहवाल, ग्रामपंचायतीची परिपत्रकं अशा फाँटमधून पीडीएफ करून चढवली की शोधयंत्राला अर्थहीन चिन्हांची रांग मिळते. त्यात 'बटाटा' नाही, 'सातगाव पठार' नाही, काहीच नाही. याची परीक्षा अगदी सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपच्या चौकटीत चिकटवा. मराठी जशीच्या तशी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. वेडीवाकडी रोमन अक्षरं उमटली तर यंत्रालाही तेच दिसतंय. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तकं मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि जोडाक्षरं हटकून चुकतात.

दुसरी सवय सगळा मजकूर चित्रात घालण्याची. धामणीच्या खंडोबाच्या यात्रेचं पत्रक असो की रोपवाटिकेची दरपत्रिका, रंगीत चित्र करून तेच पानावर लावलं जातं. गूगल चित्रातली अक्षरं थोडीफार ओळखतं, पण वळणदार देवनागरी लेखनात त्याच्या भरवशावर राहू नये. चित्र ठेवा, आणि त्याच्याखाली तोच तपशील टाइप केलेल्या ओळींत द्या. अंध वाचकांचं वाचनयंत्रही तेच वाचतं, हा आणखी एक फायदा.

कुणाचा शब्द किती वजनाचा

शब्द जुळणारी हजारो पानं सापडली की ती तोलायची कशी, हा पुढचा प्रश्न. एक जुनं तत्त्व ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलं: जो शब्द थोड्याच कागदपत्रांत येतो, तो शोधात जास्त मोलाचा. 'माहिती', 'महाराष्ट्र', 'उत्तम' हे शब्द लाखो पानांवर आहेत, त्यांनी तुमचं पान वेगळं ठरत नाही. 'खोडद', 'हिरडा', 'सातगाव पठार', 'बैलगाडा घाट' हे शब्द ठरवतात. निसर्गरम्य, आल्हाददायक, अविस्मरणीय अशी विशेषणं ओतण्यापेक्षा स्थळांची, पिकांची, वाणांची नावं लिहा.

पण नावं लिहिणं कुणालाही जमतं. कोणाच्या लिहिण्यावर विश्वास ठेवायचा? या प्रश्नावर सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी जे उत्तर काढलं, त्यातून १९९८ मध्ये गूगल उभी राहिली. त्यांच्या पद्धतीला पेजरँक म्हणतात. आपल्याकडे सोयरीक जुळवताना मुलाकडची मंडळी स्वतःबद्दल काय सांगतात याला कुणी फार किंमत देत नाही. चौकशी गावात होते, आणि त्यातही चार माणसं ज्याचं ऐकतात त्याच्या एका वाक्याला जास्त मान असतो. पेजरँकचा हिशेब तसा आहे. एका पानानं दुसऱ्याकडे दुवा दिला की ती शिफारस धरली जाते. शिफारस करणाऱ्या पानाकडे स्वतः किती आणि कशी पानं बोट दाखवतात, यावर तिचं वजन ठरतं. आणि ज्या पानावर शेकडो दुवे आहेत त्याचं वजन तितक्यांत वाटलं जातं, त्यामुळे सगळ्यांची शिफारस करणाऱ्याची शिफारस हलकी.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. खोडदजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. जगभरच्या विद्यापीठांची आणि वेधशाळांची पानं तिच्या पानाकडे दुवे देतात, कारण तिथली निरीक्षणं त्यांच्या शोधनिबंधांत वापरलेली असतात. दुवे द्या म्हणून कुणी त्यांच्या मागं लागलेलं नाही, काम पाहून ते मिळाले. समजा तुमचं मुक्कामाचं ठिकाण खोडदच्या वाटेवर आहे आणि विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथं भरणारं प्रदर्शन पाहायला येणाऱ्या शाळांसाठी तुम्ही एक नेमकं पान लिहिलंत: बस कुठं लावायची, मुलांच्या जेवणाची सोय काय, उन्हाला सावली कुठं. एखाद्या शाळेनं किंवा विज्ञान मंडळानं त्या पानाचा दुवा आपल्या पानावर दिला, तर तो एक दुवा विकत घेतलेल्या शेकडो दुव्यांपेक्षा उपयोगी. नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र, बाजार समिती, महाविद्यालय, तालुक्यातलं वृत्तपत्र यांच्याशी तुमचा खरोखर संबंध असेल, तर त्यांच्या पानावर तुमचा उल्लेख दुव्यासह व्हावा अशी विनंती जरूर करा.

विकतचे दुवे घेऊ नका. २०१२ मध्ये गूगलनं 'पेंग्विन' नावाचा बदल आणला, तो अशाच बनावट शिफारशींवर होता. त्याआधी २०११ मध्ये 'पांडा' आला, उथळ आणि उचललेल्या मजकुराला मागं सारणारा. आज यंत्र बनावट दुवे बहुधा मोजतच नाही, म्हणजे पैसे सरळ पाण्यात. फार उघड असेल तर संपूर्ण संकेतस्थळच खाली जातं.

लोक कोणत्या शब्दांत विचारतात

पेजरँक आता शेकडो निकषांपैकी एक उरला आहे. गेल्या दहा वर्षांतला मोठा बदल म्हणजे यंत्र सुट्या शब्दांऐवजी वाक्याचा अर्थ धरू लागलं. गूगलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये 'बर्ट' ही भाषाप्रणाली इंग्रजी शोधासाठी लावली आणि त्याच डिसेंबरात सत्तरहून अधिक भाषांत नेली. त्या यादीत मराठी होती. 'जुन्नरहून भीमाशंकर' आणि 'भीमाशंकरहून जुन्नर' यांत शब्द तेच, प्रवास उलटा. हा फरक प्रत्ययांमुळे आहे, आणि तो कळल्याशिवाय मराठी शोध कळत नाही.

याचा अर्थ आपण सरळ, पूर्ण वाक्यांत लिहावं. 'जुन्नर हॉटेल, जुन्नर रिसॉर्ट, जुन्नर फार्महाऊस, जुन्नर स्वस्त हॉटेल' अशी माळ पानाच्या तळाशी लावण्याची प्रथा अजून दिसते. पूर्वी पानाच्या आत लपवून 'कीवर्ड' लिहायची एक जागा असे, ती आपण क्रमासाठी पाहत नाही असं गूगलनं २००९ मध्येच स्पष्ट सांगितलं. तरीही त्या जागेसाठी पैसे घेणारे लोक आहेत.

लोक विचारतात ते प्रश्न गोळा करा. तुमच्या फोनवर जे प्रश्न येतात तेच शोधचौकटीत जातात. 'लेण्याद्रीला पायऱ्या किती, म्हाताऱ्या माणसांना डोली मिळते का?' 'नाणेघाटात पावसाळ्यात गाडी कुठवर जाते?' 'टोमॅटोची रोपं किती दिवस आधी नोंदवावी लागतात?' 'द्राक्षाच्या बागेत आत जाऊ देता का, कोणत्या महिन्यात?' एकेका प्रश्नाला एकेक पान द्या आणि उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या. शिवनेरीचा इतिहास शंभर ठिकाणांहून उतरवून घातलेलं एकशे एकावं पान कुणालाच नको आहे, यंत्रालाही नाही. तुमच्या ओसरीवरून शिवनेरी कोणत्या दिशेला दिसतो, पायथ्याला सकाळी किती वाजता पोहोचलं तर ऊन लागत नाही, हे तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही. माझं ठाम मत आहे की लहान गावच्या माणसाची सगळी ताकद इथंच आहे. मोठ्या प्रवासी कंपन्यांशी दुव्यांच्या संख्येत आपण कधी जिंकणार नाही. ठिकाणाच्या माहितीत त्या आपल्याशी जिंकणार नाहीत.

कित्येक जण मराठीच पण रोमन लिपीत टाइप करून शोधतात, आणि पुण्या-मुंबईचे बरेच पाहुणे सरळ इंग्रजीत. त्यांच्यासाठी इंग्रजी पान वेगळं ठेवा, मात्र गावाचं रोमन स्पेलिंग एकच धरा. नाणेघाट कुठं जोडून, कुठं तोडून, असं करू नका. आणि मराठी पान यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नका. न तपासता यंत्रानं ढिगानं पाडलेल्या पानांविरुद्ध गूगलनं मार्च २०२४ मध्ये नियम आणखी कडक केले आहेत, आणि तसं मराठी वाचून आपला माणूसही दुसऱ्या ओळीला पान बंद करतो.

नकाशावरचा क्रम वेगळा

'जवळची रोपवाटिका', 'मंचर हॉस्पिटल', 'नारायणगाव जेवण' अशा शोधांत वर नकाशा आणि त्याखाली दोन-तीन नावं येतात. लहान धंद्याला गिऱ्हाईक आणून देण्यात हा तुकडा संकेतस्थळापेक्षा पुढं आहे. त्याचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो, असं गूगल स्वतः सांगते: शोधाशी तुमच्या धंद्याचा मेळ किती, शोधणाऱ्यापासून अंतर किती, आणि तुमचा बोलबाला किती. अंतर आपल्या हातात नाही. म्हणून लोणीत बसून पाहिलेला क्रम आणि पिंपरीत बसलेल्या पाहुण्याला दिसणारा क्रम वेगळा असणार. स्वतःच्या फोनवर स्वतःचं नाव वर दिसतं म्हणून निश्चिंत राहू नका, आणि दिसत नाही म्हणून घाबरूही नका.

मेळ मात्र आपल्या हातात आहे. 'गूगल बिझनेस प्रोफाइल' मोफत आहे. त्यात धंद्याचा प्रकार अचूक निवडा. 'कृषी पर्यटन' आणि 'रिसॉर्ट' यांत फरक आहे, जे आहात तेच लिहा. नकाशावरची खूण स्वतः जागेवर उभं राहून लावा. वाडीवस्तीवर खूण अर्धा किलोमीटर सरकली की पाहुणा भलत्याच बांधावर जाऊन फोन करतो आणि चिडून अभिप्राय लिहितो. नाव जसं पाटीवर आहे तसंच ठेवा. नावाला 'जुन्नरमधील सर्वोत्तम' असं शेपूट जोडणं नियमाविरुद्ध आहे, त्यावरून खातं बंद होऊ शकतं. वेळा, सुट्ट्या आणि फोन क्रमांक संकेतस्थळावर, नकाशावर आणि इतर यादीस्थळांवर एकसारखे हवेत.

अभिप्रायांचं वजन असतं, म्हणून जाणाऱ्या पाहुण्याला विनंती करायला संकोचू नका. पण अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा भेट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि भाचे-पुतण्यांकडून एका रात्रीत पंचवीस अभिप्राय लिहून घेतले तर ते ओळखू येतात. वाईट अभिप्रायाला शांतपणे, तपशिलानं उत्तर द्या. पुढचा पाहुणा ते उत्तर वाचत असतो.

ज्यांनी याच प्रोफाइलमधून फुकट मिळणारं छोटं संकेतस्थळ वापरलं होतं त्यांनी लक्षात घ्यावं, ती सोय गूगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली. जुन्या कार्डांवर तो पत्ता छापलेला असेल तर कार्ड बदला. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो: वर्षाला थोडे पैसे मोजून स्वतःच्या नावाचा पत्ता घ्या. देवनागरीतला '.भारत' हा पत्ताही २०१४ पासून मिळतो, मात्र तो ईमेलात आणि जुन्या फोनवर काही ठिकाणी अडतो, म्हणून रोमन पत्ता मुख्य ठेवून हा जोडीला घ्यावा.

ताजेपणा आणि विश्वास

काही शोधांना ताजं उत्तर लागतं, काहींना नाही. जुन्नर-आंबेगावात बिबट्याचा हल्ला झाला की त्या दिवशी 'बिबट्या' शोधल्यावर बातम्या वर येतात. एरवी माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची किंवा वन विभागाची पानं. हे यंत्र शोधांची अचानक वाढ पाहून ठरवतं. आपल्या पानांसाठी त्यातून घ्यायचं ते एवढंच, की जिथं परिस्थिती बदलते तिथं मजकूर बदला. बैलगाडा शर्यतींचं उदाहरण पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना सशर्त परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. ज्या गावच्या यात्रेच्या पानावर आजही 'शर्यतींवर बंदी आहे' असं वाक्य आहे, त्या पानाच्या बाकीच्या माहितीवर वाचकानं विश्वास का ठेवावा? नुसती वरची तारीख बदलून पान ताजं होत नाही, यंत्र मजकुरातला फरक पाहतं.

आरोग्य, पैसा, कायदा अशा विषयांत निकष अधिक कडक आहेत, कारण चुकीच्या सल्ल्यानं माणसाचं नुकसान होतं. द्राक्षावरच्या फवारणीचं प्रमाण, पतसंस्थेचा व्याजदर, हिरड्याचे औषधी उपयोग ही सगळी त्यात येतात. इथं लिहिणारा कोण, त्याला हे कुठून माहीत, हे दिसलं पाहिजे. गूगलच्या गुणवत्ता-तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ पासून 'अनुभव' हा शब्द मुद्दाम जोडला गेला. वीस वर्षं द्राक्षबाग केलेल्या शेतकऱ्यानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या बागेच्या फोटोसह लिहिलेलं पान म्हणूनच मोलाचं. औषधाचं प्रमाण मात्र कृषी विज्ञान केंद्राच्या शिफारशीवरून द्या आणि तसं नमूद करा.

पान मोबाइलवर लवकर उघडणं हा निकष आहे, पण तो दुय्यम. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलची अपेक्षा. भीमाशंकरच्या अंगाच्या गावांत नेटवर्क किती मिळतं हे आपल्याला माहीत आहे. फोनमधून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, दोन-तीनशे केबीपर्यंत लहान करा. एवढ्यानं निम्मं काम होतं.

ऑगस्ट २०२४ पासून भारतात काही शोधांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेनं जुळवलेलं तयार उत्तर दिसू लागलं आहे. त्यामुळे खालच्या पानांवर येणारी माणसं कमी होतील ही भीती खरी आहे. पण ते उत्तर कुणीतरी लिहिलेल्या पानांवरूनच जुळवलं जातं. लोणी-धामणी भागाचा पाणीप्रश्न, सातगाव पठारावरचा पावसाळी बटाटा, डिंभ्यात बुडालेल्या गावांच्या आठवणी, यांवर गावातल्या माणसानं तारखांसह, नावांसह, युनिकोडमध्ये लिहिलेली पानं नसतील तर यंत्र दुसऱ्या कुठल्या लोणीचं उत्तर आपल्या माथी मारेल. शिक्षकांना आणि ग्रंथालय चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे काम मुलांकडून सुरू करून घ्या.

पैसे कुठं द्यायचे, कुठं नाहीत

'पहिल्या क्रमांकाची हमी' देणारे फोन तुम्हालाही येत असतील. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. पैसे घेऊन गूगल जाहिरात दाखवते, तिच्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. जाहिरात दिल्यानं खालच्या नेहमीच्या क्रमात तुम्ही वर जात नाही, आणि बंद केल्यानं खाली येत नाही. हंगामात महिनाभर जाहिरात देणं वाईट नाही, फक्त दोन्ही हिशेब वेगळे ठेवा.

शोधयंत्र नेहमी निःपक्षपाती असतं असंही समजू नका. आपल्या भारतीय स्पर्धा आयोगानं फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला शोधातील पक्षपाताबद्दल सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला होता. त्यात विमानप्रवासाच्या शोधात गूगलनं स्वतःच्या सेवेला दिलेल्या जागेचा मुद्दा होता. म्हणून सगळं गिऱ्हाईक एकाच वाटेनं येईल अशी व्यवस्था करू नये. जुन्या पाहुण्यांचे फोन क्रमांक त्यांच्या परवानगीनं जपून ठेवा.

संकेतस्थळ करून देणाऱ्या जाणत्या माणसाला पैसे जरूर द्या, ते कष्टाचं काम आहे. करार करताना तीन गोष्टी लेखी घ्या. संकेतस्थळाचा पत्ता तुमच्या नावावर नोंदवलेला असावा. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलचं मालकी खातं तुमच्या ईमेलवर असावं. मजकूर आणि फोटो तुमचे राहावेत. या भागातल्या कित्येक केंद्रांचा पत्ता ज्यानं बनवला त्याच्याच नावावर असतो, आणि भांडण झालं की वर्षानुवर्षं जमवलेली पत एका दिवसात जाते. केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, कधी महिनेही. तोवर दर आठवड्याला सगळं उलटंपालटं करू नका. महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा, लोकांनी कोणत्या शब्दांनी तुम्हाला शोधलं ती यादी वाचा, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पानावर नाही ते लिहा. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल या दोन्ही सेवा फुकट आहेत, नोंदणीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.